गुडघे धरले, आता काय करावे?

सकाळी अंथरुणातून उठताना हात जमिनीला टेकावा लागतो. चुलीपुढून उठताना भिंत धरावी लागते. एस.टी.ची पायरी चढताना मागचा माणूस म्हणतो, "आजी, चला लवकर." आजीचा पाय मात्र उचलत नाही. असे तुमच्या घरात कोणाचे तरी होत असेल. आईचे, सासूचे, वडिलांचे. कदाचित तुमचे स्वतःचेही.

साक्री-शिरपूरकडची म्हातारी म्हणते, "गुडघा दुखस व माय." आपल्याकडे कोणी गुडघ्याला टोंगळाही म्हणतात. शब्द कोणताही असो, दुखणे एकच. घरातले ऐकतात आणि म्हणतात, "वय झालं. आता असंच चालायचं." म्हातारीलाही ते पटते. मग ती शेतात जायचे सोडते. पुढे शेजारी जायचे सोडते. मग देवळात जायचे सोडते. शेवटी ती ओट्यावर बसून राहते. बसून राहिल्याने गुडघे आणखी धरतात.

"वय झाले" हे खरे आहे. "असेच चालायचे" हे खरे नाही. ते का, हे या पाठात पाहू.

भिगवणची मोजणी

पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात भिगवण नावाचे गाव आहे. १९९६ साली पुण्याचे डॉक्टर अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे काम सुरू केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने आखलेली एक पद्धत आहे. त्या पद्धतीने त्यांनी घरोघर विचारपूस केली. अंग दुखते का, सांधे दुखतात का, कोठे दुखते, असे चार हजारांवर मोठ्या माणसांना विचारले. शंभरात सुमारे अठरा माणसांना हाडांचे, स्नायूंचे किंवा सांध्यांचे दुखणे निघाले. शंभरात सुमारे सहा जणांना सांधेझीज होती.

भिगवण काही खानदेशात नाही. पण तेथेही शेतीच आहे. तेथेही निंदणी बसूनच करतात आणि जेवतात जमिनीवरच. तेव्हा आपल्या गावातही शंभर मोठी माणसे मोजली तर पाच-सहा जण तरी असे निघतील, असे आम्हांला वाटते. म्हणजे तुम्ही एकटे नाही.

डॉक्टरांच्या कागदावर या दुखण्याचे नाव लांबलचक असते. ते अक्षर अक्षर लावून वाचा. ऑ-स्टि-ओ-आर्-थ्रा-य-टिस. ऑस्टिओआर्थ्रायटिस. कधी नुसते 'ओ.ए.' असे लिहितात. आपण त्याला सांधेझीज म्हणू. हा 'झीज' शब्द थोडा फसवा आहे. त्याविषयी पुढे सांगतो.

गुडघ्याच्या आत

ज्यांच्या घरी मटण होते, त्यांनी बोकडाच्या हाडाचा सांधा पाहिला असेल. हाडाच्या टोकावर पांढरे, गुळगुळीत, चकचकीत आवरण असते. बोट फिरवले तर घसरते. तसेच आवरण आपल्या गुडघ्यातही असते. त्याला कूर्चा म्हणतात. वरचे मांडीचे हाड आणि खालचे नळीचे हाड, दोघांच्या टोकांवर कूर्चा असते. मध्ये अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट रस असतो. त्यामुळे हाडावर हाड घासत नाही.

सांधेझिजीत ही कूर्चा पातळ होते. कोठे खरखरीत होते, कोठे फाटते. खालचे हाड जाड होते. त्याच्या कडेला काट्यासारखी वाढ होते. सांध्याच्या आतले अस्तर सुजते. कधी गुडघ्यात पाणी जमते. गुडघ्याची आतली बाजू जास्त बिघडली की पाय हळूहळू धनुष्यासारखे बाहेर वाकतात. अशी वाकडी चाल आपण म्हाताऱ्या माणसांत पुष्कळदा पाहतो.

हे कोणाला होते? पन्नाशीच्या पुढे कोणालाही होऊ शकते. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होते. पाळी गेल्यानंतर ते अधिक दिसू लागते. वजन जास्त असेल तर लवकर होते. तरुणपणी गुडघ्याला मार लागला असेल, बैलगाडीवरून किंवा मोटारसायकलवरून पडणे झाले असेल, तर पुढे त्याच गुडघ्यात होते. वर्षानुवर्षे उकिडवे बसून काम केले किंवा डोक्या-खांद्यावर ओझी वाहिली, तर त्याचाही वाटा असतो. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन गडी ओल्या सरीतून बाहेर येतो. एका दिवसात किती खेपा होतात ते त्यालाच ठाऊक. कापसाच्या आणि भुईमुगाच्या रानात बाया दिवसभर उकिडव्या बसून निंदतात. बैठक न मोडता तशाच पुढे सरकतात. संध्याकाळी घरी येऊन त्याच बाया पुन्हा चुलीपुढे बसतात. बायकांचे गुडघे जास्त का दुखतात, हे विचारताना ही दुसरी पाळीही मोजली पाहिजे.

आई-वडिलांना असेल तर मुलांना होण्याची शक्यता थोडी वाढते. पण हा मागच्या जन्मीचा भोग नाही. कोणाची नजर लागलेली नाही. एकाचे दुसऱ्याला लागणारे हे दुखणेही नाही.

ओळखावे कसे?

दुखणे हळूहळू येते. महिने जातात, वर्षे जातात. काम केले की दुखते. विसावा घेतला की कमी होते. जिना उतरताना जास्त दुखते. उकिडवे बसून उठताना तर फारच. सकाळी उठल्यावर गुडघा आखडलेला असतो. चार पावले टाकली, चहा झाला, की मोकळा होतो. हा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत जातो. ही खूण नीट लक्षात ठेवा. गुडघा वाकवताना कट्कट् किंवा करकर आवाज येतो. हात ठेवला तर आत खरखर लागते. मात्र नुसता आवाज येतो आणि दुखत नाही, असे असेल तर घाबरू नका. तसा आवाज पुष्कळ निरोगी गुडघ्यांतही येतो.

आता दुसरी दुखणी पाहा. आपल्याकडे सगळ्यांनाच 'वात' म्हणतात. त्यामुळे घोटाळा होतो.

तीस-चाळीस वर्षांची बाई आहे. दोन्ही हातांची बोटे आणि मनगटे सुजतात. सकाळी तासभर तरी मूठ वळत नाही. अंगात कसकस आहे, थकवा आहे. हा बहुधा आमवात असतो. त्याची औषधे निराळी आहेत आणि ती लवकर सुरू करावी लागतात. वर्ष-दोन वर्षे तेल चोळण्यात घालवली तर बोटे वाकडी होतात. मग ती सरळ होत नाहीत. अशा बाईला त्याच महिन्यात मोठ्या डॉक्टरांकडे न्या.

रात्रीतून पायाचा अंगठा लाल होऊन सुजला, चादर लागली तरी ठणका मारतो, तर ते गाऊट नावाचे दुखणे असू शकते. ताप आला, अंगावर पुरळ आले, सगळे सांधे एकदम धरले, तर चिकुनगुन्या असू शकतो. तो डासांमुळे होतो. त्याचे सांधे काही जणांत महिनोन्‌महिने दुखतात.

आणि गुडघा एकाएकी गरम, लाल होऊन सुजला, थंडी वाजून ताप आला, पाय हलवता येईना, तर सकाळची वाट पाहू नका. सांध्यात पू झाला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पडल्यानंतर पायावर उभे राहता येत नसेल, तरीही तसेच.

झीज म्हणजे गाडीचा आस नव्हे

आता 'झीज' या शब्दाविषयी. "गुडघे झिजले" असे ऐकले की माणसाच्या डोळ्यांपुढे बैलगाडीचा आस येतो. आस जितका फिरेल तितका झिजेल. म्हणून म्हातारा ठरवतो, "आता चालायचं नाही. आहे तेवढं जपून वापरायचं." घरातलेही म्हणतात, "तुम्ही बसा. आम्ही आणून देतो." प्रेमाने म्हणतात, पण नुकसान होते.

आसाचे लोखंड मेलेले आहे. गुडघा जिवंत आहे. कूर्चेला रक्ताच्या नळ्या नसतात. तिचे अन्न म्हणजे सांध्यातला रस. पाऊल टाकले की कूर्चा दाबली जाते. पाऊल उचलले की ती पुन्हा फुगते आणि रस आत ओढून घेते. ओला फडका पिळून पुन्हा पाण्यात टाकावा, तसे. चालणेच बंद केले तर कूर्चेला अन्न कोठून मिळणार?

दुसरी गोष्ट मांडीची. केळीचा घड मोठा झाला की झाडाला आपण टेकू देतो. टेकू नसेल तर वाऱ्याने झाड मोडते. गुडघ्याचा टेकू म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू. तो मजबूत असेल तर पाऊल पडताना बसणारा धक्का तो सोसतो. माणूस बसून राहिला की हा स्नायू थोड्याच आठवड्यांत बारीक होतो. मग सगळा भार सांध्यावर येतो. दुखणे वाढते. दुखते म्हणून माणूस आणखी बसतो. हे रहाटगाडगे तोडायचे असेल तर मांडीपासून सुरुवात करावी लागते.

तेव्हा औषधाच्या आधी व्यायाम. जगभरचे डॉक्टर आता या दुखण्यावर हाच पहिला उपाय सांगतात. पैसा लागत नाही. कदाचित म्हणूनच त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही!

चार व्यायाम

बाजेवर किंवा सतरंजीवर पाय लांब करून बसा. टॉवेलची गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवा. आता गुडघ्याने ती गुंडाळी खाली दाबा. मांडी दगडासारखी कडक झाली पाहिजे. हात लावून पाहा. मोठ्याने पाच आकडे मोजा, मग सोडा. असे दहा वेळा करा. मग दुसरा पाय. आकडे मोठ्याने मोजा असे सांगतो, त्याला कारण आहे. मनात मोजणारा माणूस श्वास कोंडतो. रक्तदाब असणाऱ्याने श्वास कोंडणे बरे नाही.

दुसरा व्यायाम उताणे पडून. एक गुडघा वाकवून तळवा टेकवा. दुसरा पाय ताठ ठेवून वीत-दीड वीत वर उचला. पाच मोजा. हळूहळू खाली आणा, आपटू नका. दहा वेळा.

तिसरा बाजेच्या कडेला बसून. पाय खाली सोडा. एक पाय समोर सरळ करा, पाच मोजा, खाली आणा. हेही दहा वेळा.

चौथा आमच्या मते सगळ्यांत कामाचा. उंच बाजेवर किंवा खुर्चीवर बसा. हाताचा आधार न घेता, किंवा थोडाच घेऊन, उभे राहा. मग हळूहळू खाली बसा. धपकन बसू नका. पहिल्या आठवड्यात पाच वेळा जमले तरी पुरे. पुढे दहा करा. एस.टी.त चढणे, बाजेवरून उठणे, शौचाहून उठणे, सगळ्याला हीच ताकद लागते.

सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा करा. चार दिवसांत फरक दिसणार नाही. सहा ते आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत सोडून देणारे फार, म्हणून वहीत तारीख टाकून खूण करत जा. तुम्ही आता लिहायला शिकला आहात, त्याचा असा उपयोग करा. व्यायामाने थोडे दुखेल. रात्री थोडे दुखले आणि सकाळी पहिल्यासारखे झाले, तर भिऊ नका. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर दोन दिवस कमी करा, बंद करू नका.

आणि रोज चाला. सपाट रस्त्यावर, अंगाला सोसेल इतके. एका दमात जमत नसेल तर सकाळी दहा मिनिटे, दुपार टळल्यावर दहा मिनिटे. वाटेत लिंबाखाली बसलात तरी चालेल. गुळगुळीत झालेली चप्पल टाका. मऊ तळव्याची, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या.

काठीविषयी एक सांगायचे आहे. बहुतेक माणसे ती चुकीच्या हातात धरतात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरा. डावा दुखत असेल तर उजव्या हातात. दुखरा पाय पुढे टाकताना काठीही पुढे टाका. काठीची उंची मनगटापर्यंत असावी. काठी धरायची लाज वाटते, असे पुष्कळ बाया म्हणतात. पडून खुबा मोडण्यापेक्षा काठी पत्करली.

पायऱ्या चढताना चांगला पाय आधी टाका. उतरताना दुखरा पाय आधी टाका. चैत्रात आपल्याकडून हजारो लोक सप्तशृंगीच्या गडावर पायी जातात. ज्यांचे गुडघे धरले आहेत, त्यांनी पायऱ्यांचा हट्ट धरू नये. गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. तिने वर गेले तरी दर्शन तेच होते.

बसण्याची रीत बदला

चालताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या दोन-तीनपट भार येतो. पायऱ्यांवर त्याहून जास्त येतो. उकिडवे बसून उठताना गुडघा पुरता दुमडतो, तेव्हा ताण फारच वाढतो. म्हणून गुडघे दुखणाऱ्याने चालावे, पण उकिडवे बसणे कमी करावे. चालू नये आणि उकिडवे मात्र बसावे, असा उलटा प्रकार आम्ही घरोघर पाहतो.

घराघरांत आता गॅस आला. पण शेगडी पुष्कळ घरांत अजून जमिनीवरच असते. धूर गेला, बैठक तीच राहिली. शेगडीसाठी कमरेइतका ओटा बांधा. पैसे नसतील तर चार विटांचे खांब उभे करून त्यांवर फरशी टाका. गॅसची टाकी खाली, शेगडी वर. उभ्याने भाकरी थापता येत नसेल तर उंच स्टूल घ्या. खापरावर मांडे करायचे असतील तर ते काम काही दिवस सुनेने किंवा मुलाने करावे. मुलाने केले तर मांडे बिघडतील, पण आईचा गुडघा वाचेल.

शौचाला बसणे ही सगळ्यांत अवघड गोष्ट. लाजेने माणसे बोलत नाहीत. काही बाया उठता येणार नाही या भीतीने पाणी कमी पितात, जेवण कमी करतात. हे फार वाईट. घरी शौचालय असेल तर त्यावर ठेवायची, मध्ये भोक असलेली खुर्ची मिळते. तिला कमोड खुर्ची म्हणतात. गावचा सुतारही जुन्या लाकडी खुर्चीला भोक पाडून देईल. खुर्ची हलता कामा नये. भिंतीत धरायला एक लोखंडी दांडी ठोकून घ्या.

शेतात निंदणीला लांब दांड्याचे खुरपे किंवा सायकल कोळपे वापरा. उभ्याने काम होते. जेथे बसावेच लागते तेथे बुटके स्टूल न्या. अर्ध्या तासाने उठा, चार पावले चाला, मग पुन्हा बसा. मुकादम कुरकुर करील. पण गड्याचे गुडघे गेले तर तो दुसरा गडी आणील. तुम्हांला दुसरे गुडघे कोण आणून देणार? पंगतीत, भजनात खुर्ची मागून घ्या. झोपायला जमिनीपेक्षा बाज बरी.

वजन आणि खाणे

ज्यांचे वजन जास्त आहे, त्यांनी ते उतरवले पाहिजे. अमेरिकेत वजनदार माणसांच्या गुडघ्यांवरचा भार मोजून पाहिला. तो अभ्यास २००५ साली छापून आला. वजन एक किलो उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे निघाले. पाच किलो उतरले तर वीस किलोंचे पोते पावलोपावली खाली ठेवल्यासारखे झाले. आरोग्य केंद्रात काटा असतो. महिन्यातून एकदा वजन करा आणि आकडा वहीत लिहा. चहातली साखर, तळलेली शेव, लग्नसराईतले गोडधोड, येथून सुरुवात करा. कळण्याची भाकरी, डाळ, पालेभाजी भरपूर खा.

पण अंगाने काटकुळ्या असलेल्या माणसाने वजन उतरवायच्या भानगडीत पडू नये. त्याला उलट डाळ, दूध, अंडे यांची गरज आहे. नाहीतर स्नायू कशाचा बनेल?

आणखी एक. "वांगी बंद करा, ताक बंद करा, वातूळ खाऊ नका" असे सल्ले सगळेच देतात. सांधेझीज वांग्याने होत नाही. वांगे सोडल्याने ती बरी झाल्याचा पुरावाही नाही. खानदेशातल्या माणसाचे भरीत बंद करणे म्हणजे उगीच दिलेली शिक्षा आहे. भरितावर तेलाची धार मात्र कमी घाला.

तेल, बिबा आणि पुड्या

तिळाचे तेल कोमट करून हलक्या हाताने चोळा. बरे वाटते. तेल सांध्याच्या आत जात नाही, हे ध्यानात ठेवा. गरम वाळूची पुरचुंडी किंवा गरम पाण्याची पिशवी ठेवून शेका. त्यानेही आखडलेपणा जातो. मधुमेह असणाऱ्याच्या कातडीला चटका लवकर कळत नाही. त्याच्यासाठी शेक दुसऱ्याने आधी आपल्या हाताला लावून पाहावा.

बिबा लावू नका. बिब्याने कातडी जळते, फोड येतात, जखम चिघळते. तापल्या सळईने डाग देणेही तसेच. डागाची आग इतकी होते की गुडघ्याचे दुखणे घटकाभर आठवत नाही. त्यालाच लोक गुण आला म्हणतात.

सगळ्यांत मोठा धोका बाजारातल्या पुड्यांचा आहे. आठवड्याच्या बाजारात, रस्त्याच्या कडेला, कधी घरपोच येऊन कोणी एक माणूस काळ्या गोळ्या किंवा बिननावाची भुकटी देतो. "जडीबुटी आहे, दोन दिवसांत पळाल," असे सांगतो. आणि खरोखर दोन दिवसांत दुखणे थांबते! येथेच शंका घ्या. जडीबुटीला इतकी घाई नसते. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड नावाचे औषध मिसळलेले सापडले आहे. ते डॉक्टरने मोजून, थोडे दिवस दिले तर उपयोगाचे असते. महिनोन्‌महिने पोटात गेले तर तोंड गोल सुजते, साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. आणि एकदम बंद केले तरी माणूस कोसळतो. म्हणून कोणी फार दिवस पुड्या घेत असेल तर त्याने पुडीसकट डॉक्टरांकडे जावे. काही न लपवता सांगावे.

दुकानातून मागून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही निरुपद्रवी नाहीत. त्या रोज घेतल्या तर पोटात व्रण होतो, शौचाला काळे होते, मूत्रपिंड बिघडते, रक्तदाब चढतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय एकही घेऊ नये. आधी वेदनाशामक मलम लावून पाहा. डायक्लोफिनॅक नावाचे मलम गुडघ्याला उपयोगी पडते आणि पोटाला फारसा त्रास देत नाही. गोळी लागलीच तर जेवणानंतर, थोडे दिवस. गोळीच्या पाकिटावर नाव आणि मुदत छापलेली असते. इंग्रजी अक्षरे असतील तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. पाकिटाविना सुटी गोळी कोणी दिली तर घेऊ नका.

फोटो, सुई आणि शस्त्रक्रिया

एक्स-रे फोटोत झीज दिसते. पण फोटो आणि दुखणे यांचे नेहमी जुळत नाही. फोटो वाईट असून दोन-तीन मैल चालणारी माणसे आहेत. फोटो बरा असून कण्हणारीही आहेत. तेव्हा फोटो पाहून हातपाय गाळू नका. तुम्ही किती चालता, कसे उठता, ते पाहा.

गुडघा फार सुजला तर डॉक्टर आत सुई देतात. तिने काही आठवडे आराम पडतो. ती सारखी सारखी घ्यायची नसते. गुडघ्यात वंगण भरण्याची महाग सुईही असते. तिचा फायदा झाला तरी थोडाच होतो, असे बहुतेक परीक्षणांत दिसले आहे. शेत गहाण ठेवून ती घेऊ नये, असे आमचे मत आहे.

व्यायाम केला, वजन उतरवले, तरी रात्री झोप लागत नाही, घरातल्या घरात फिरणे कठीण झाले, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. सांध्याचे खराब भाग काढून धातूचे आणि खास प्लास्टिकचे बसवतात. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना त्यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला. डॉक्टर चित्तरंजन राणावत यांनी ते काम केले. त्यानंतर वाजपेयींनी २००४ पर्यंत देशाचा कारभार पाहिला. बदललेला गुडघा किती टिकतो? २०१९ साली निरनिराळ्या देशांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या. दहांपैकी आठ गुडघे पंचवीस वर्षे टिकतात, असे दिसले. मात्र नव्या गुडघ्याने उकिडवे बसायचे नसते. शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने व्यायामही चुकत नाही. म्हणून आधीच मांडी मजबूत केलेली बरी.

पूर्वी या कृत्रिम सांध्याची किंमत रुग्णालय सांगेल ती असे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने तिच्यावर मर्यादा घातली. नेहमीच्या धातूच्या सांध्याची कमाल किंमत तेव्हा ५४,७२० रुपये ठरली, कर वेगळा. हा नुसत्या सांध्याचा आकडा आहे. डॉक्टर, खोली, औषधे यांचा खर्च निराळा होतो. बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा.

कोठे जावे? आधी गावच्या आशाताईंना विचारा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तेथून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पाठवतील. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावलाही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्हींकडे हाडांचे डॉक्टर असतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का आणि कोणत्या रुग्णालयात, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याच्या आधी विचारा, नंतर नव्हे. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड, जुने फोटो आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घ्या.

काठी, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा यांसाठीही मदत असते. राज्य शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या, कमी उत्पन्नाच्या माणसांना अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये बँकेच्या खात्यात देण्याची ती योजना आहे. सध्या अर्ज कोठे घेतात ते ग्रामपंचायतीत किंवा तालुक्याला समाजकल्याणच्या माणसाला विचारा. अर्जावर अंगठा उठवू नका. आजीला सही येत असेल तर तिलाच करू द्या, वेळ लागला तरी.